निरक्षर पित्याचा इतिहासकार पुत्र : डॉ. कार्टर वुडसन

ज्या लोकांस वाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा ठरविला गेला होता, त्या लोकांनी अक्षरविद्या कशी मिळविली, ती त्यांना कोणी दिली, कोणी हिरावून घेतली, आणि हिरावून घेतल्यावरही त्यांनी ती चोरून कशी जतन केली, हा सर्व वृत्तांत कागदपत्रांच्या आधाराने लिहून ठेवणारे इतिहासकार डॉ. कार्टर गॉडविन वुडसन यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात जन्मले. त्यांच्या काळी त्या समाजास नीग्रो म्हणत, व त्यांच्या ग्रंथांच्या नावांतही तोच शब्द आहे. आज तो मागे पडला आहे. खेड्यापाड्यांतील आपल्या वाचकांस वुडसन हे नाव अपरिचित असेल, पण त्यांची कथा अपरिचित वाटणार नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांस शाळेच्या पायरीवरही बसू दिले नव्हते, त्यांस ती आपल्या घरचीच वाटेल.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस, तंबाखू व भात यांची लागवड आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांच्या व त्यांच्या वंशजांच्या श्रमावर चालत असे. इ. स. १८६० च्या खानेसुमारीत अशा गुलामांची संख्या सुमारे ४० लक्ष भरली. पुढे १८६१ पासून १८६५ पर्यंत त्या देशात यादवी युद्ध झाले, आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्या मुक्ततेची वार्ता आपल्या महाराष्ट्रातही पोहोचली होती. पुण्याचे जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी नावाचा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, तो गुलामांस मुक्त करण्यात त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दलच होय.

जन्म व बालपण

वुडसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनिया प्रांतातील न्यू कँटन या गावी झाला. त्यांचे वडील जेम्स व आई अॅन एलायझा ही दोघेही पूर्वी गुलाम होती. युद्ध चालू असता जेम्स धन्याच्या तावडीतून पळाले व उत्तरेकडील सैन्यास साहाय्य करू लागले. युद्ध संपल्यावर ते सुतारकी व शेती करून मोठे कुटुंब पोसू लागले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण मान खाली घालून कोणाच्या दाराशी उभे राहू नये, अपमान मुकाट्याने गिळू नये आणि आपल्या लोकांशी द्रोह करू नये, ही शिकवण त्यांनी मुलांस दिली. घरी अन्नाची ओढाताण असतानाही त्यांनी मुलांस गोऱ्या जमीनदाराकडे चाकरीस ठेवले नाही.

दारिद्र्य किती होते, हे एका गोष्टीवरून कळेल. शनिवारी रात्री मुलांस लवकर निजवीत. कारण अंगावरचा कपडा आईला त्याच रात्री धुऊन वाळवावा लागे, म्हणजे रविवारी तो स्वच्छ घालून शब्बाथ शाळेत जाता येई. दुसरा कपडा नव्हता. गावची शाळा वर्षातून चार-पाच महिनेच भरे, व तेथे कार्टरचे दोन मामा शिकवीत. बाकीचे महिने शेतात जात. संध्याकाळी हा मुलगा वडिलांस वर्तमानपत्र वाचून दाखवी. बाप निरक्षर खरा, पण जगात काय चालले आहे हे जाणून घेण्याची त्याला आवड होती. पुढे हार्वर्डची पदवी मिळविलेल्या या पुत्राने आपल्या शिक्षकांत त्या निरक्षर पित्याचे नाव नेहमी आदराने घेतले.

कोळशाच्या खाणीतील विद्यालय

१८९२ च्या सुमारास कार्टर वडील भावाबरोबर वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात गेले. तेथे आगगाडीच्या रस्त्यावर काम केले व मग नटलबर्ग येथील कोळशाच्या खाणीत मजुरी धरली. दिवस जमिनीखाली जाई. पण तेथेच त्यांना एक अपूर्व शाळा सापडली. ऑलिव्हर जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार होता. तो यादवी युद्धात लढलेला जुना शिपाई असून त्याने आपल्या राहत्या घरी फळफळावळ व आइस्क्रीम यांचे दुकान मांडले होते. कामावरून सुटल्यावर कृष्णवर्णीय कामकरी तेथे विसाव्यास बसत. जोन्सला स्वतः वाचता येत नव्हते. तरी त्याने आपल्या लोकांविषयीची पुस्तके व अनेक वर्तमानपत्रे घरी जमवून ठेविली होती. कार्टरला वाचता येते असे कळताच त्याने करार केला की, या मुलाने सर्वांस वाचून दाखवावे आणि फळे व आइस्क्रीम फुकट खावे.

तेथे रोज वाचन होई व वाचलेल्यावर वाद होई. कर, निवडणुका, मजुरीचे दर, असे सर्व विषय निघत. एखादी गोष्ट कळली नाही, तर कार्टर पुस्तकात शोधून ती सांगे. आणि जुने शिपाई आपल्या तोंडाने युद्धाच्या हकीकती सांगत. त्यांपैकी बहुतेक कोणत्याच पुस्तकात लिहिलेल्या नव्हत्या. आपल्या लोकांचा इतिहास निरक्षरांच्या स्मरणात जिवंत आहे, व ती माणसे गेली की तोही त्यांच्याबरोबर जाणार, ही गोष्ट या तरुणाच्या मनात तेव्हाच रुजली.

विद्याभ्यास व प्रवास

१८९५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, वुडसन हंटिंग्टन येथील डग्लस हायस्कुलात दाखल झाले. ज्या वयात इतर लोक शाळा सोडून बरीच वर्षे झालेली असतात, त्या वयात ते बाकावर बसले व दोन वर्षांच्या आत प्रमाणपत्र मिळविते झाले. नंतर केंटकी प्रांतातील बेरीया कॉलेजात शिकू लागले, पण सलग नव्हे; मध्ये शिक्षकाची नोकरी करावी, पैसे साठवावे, आणि पुन्हा जावे. तीनच वर्षांनी, १९०० साली, ते त्याच डग्लस हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. १९०३ साली त्यांना बेरीयाची पदवी मिळाली.

या कॉलेजाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती उपदेशकाने १८५५ साली ही संस्था स्थापली. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात सर्व राष्ट्रे एकाच रक्ताची असल्याचे जे शिक्षण आहे, त्यावरून तिने आपले ब्रीद घेतले होते, आणि त्याप्रमाणे गोरी व काळी मुले तेथे एकत्र शिकत. परंतु वुडसन पदवी घेऊन बाहेर पडले न पडले तोच, १९०४ साली, केंटकीच्या विधिमंडळाने असे एकत्र शिक्षण बेकायदा ठरविले. १९०८ साली देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानेही तो कायदा कायम केला. बेरीयाचे दार कृष्णवर्णीयांस पुन्हा उघडले ते १९५० मध्ये, म्हणजे वुडसन यांच्या मृत्यूच्या वर्षी.

पदवीनंतर ते सरकारी शिक्षक म्हणून फिलिपाईन बेटांत गेले. ही बेटे तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होती. १९०३ पासून १९०७ पर्यंत तेथे त्यांनी शिकविले व शाळांची देखरेख केली. तेथील एक गोष्ट त्यांनी पुढे लिहून ठेविली आहे. अमेरिकेतील मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेले शिक्षक तेथे निष्फळ ठरत होते. पण पूर्वी विम्याचा धंदा केलेला, शिक्षणशास्त्र न शिकलेला एक साधा मनुष्य यशस्वी झाला. कारण काय? शाळेच्या गाण्यात सफरचंदाचे झाड हलविण्याचा उल्लेख होता, आणि त्या मुलांनी सफरचंद जन्मात पाहिले नव्हते. या शिक्षकाने सफरचंद काढून त्या जागी लोंबोयचे झाड घातले. लोंबोय म्हणजे आपले जांभूळच. मुलांनी ते झाड रोज हलविलेले होते. वाचनासाठीही त्याने जॉर्ज वॉशिंग्टनच्या कथेऐवजी त्यांच्याच देशातील होसे रिझाल या देशभक्ताची कथा घेतली. शिकणाऱ्याच्या अंगणापासून शिक्षण सुरू झाले पाहिजे, हा धडा वुडसन तेथून घेऊन आले.

परतताना त्यांनी हिंदुस्थान, इजिप्त, पॅलेस्टाईन व युरोपातील काही देश पाहिले. १९०८ साली शिकागो विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. पुढे वॉशिंग्टन शहरी शाळेत शिकवीत असतानाच प्रबंध लिहून १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. त्या विद्यापीठात इतिहास विषयात ही पदवी मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय होत, पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. गुलाम आईबापांच्या पोटी जन्मून इतिहासाची डॉक्टर पदवी मिळविलेला मनुष्य मात्र वुडसन यांच्यावाचून दुसरा नाही.

अक्षरासह धर्म आणि अक्षरावाचून धर्म

१९१५ साली त्यांचा पहिला मोठा ग्रंथ बाहेर पडला. १८६१ पूर्वीचे नीग्रो लोकांचे शिक्षण, हा त्याचा विषय. गुलामांस शिक्षण ते कसले, त्याचा इतिहास तो काय असणार, असे त्या काळच्या बहुतेक विद्वानांस वाटत असे. वुडसन यांनी जुनी पत्रे, मंडळ्यांची दप्तरे, कायद्यांची बाडे, आत्मवृत्ते व वर्तमानपत्रे चाळली. पळून गेलेल्या गुलामांस पकडण्यासाठी धनी लोक ज्या जाहिराती देत, त्याही त्यांनी वाचल्या. त्या जाहिरातींत पळालेल्या माणसाची उंची, रंग व अंगावरचे व्रण यांबरोबरच कित्येकदा त्याला लिहिता-वाचता येते असेही छापलेले असे. जे धनी गुलामाला बुद्धी नाही म्हणत, त्यांच्याच लेखणीने त्याच्या विद्येची साक्ष अशी लिहून ठेविली होती.

या ग्रंथाची मांडणी आपल्या उपदेशक बंधूंनी नीट समजून घेण्याजोगी आहे. वुडसन यांनी त्या इतिहासाचे दोन कालखंड पाडले. पहिला कालखंड सुमारे १८३५ पर्यंतचा. या काळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांचे असे मत होते की, ज्याला पवित्र शास्त्र शिकवावयाचे त्याला ते वाचताही आले पाहिजे. क्वेकर पंथाचे अँथनी बेनेझेट यांनी फिलाडेल्फिया शहरी आपल्या घरी कृष्णवर्णीयांसाठी रात्रीचा वर्ग चालविला. १७४३ च्या सुमारास चार्ल्सटन येथे इंग्लंडच्या एका मिशनरी संस्थेने शाळा काढली. तिचे शिक्षक हॅरी व अँड्र्यू नावाचे दोन तरुण गुलामच होते, आणि त्या संस्थेने त्यांना त्या कामासाठी विकत घेतले होते. चांगले काम व मोठे पाप एकाच छपराखाली कसे नांदत होते, ते यात दिसते. वुडसन यांनी दोन्ही नोंदी जशाच्या तशा ठेविल्या. एकीने दुसरी झाकली नाही.

कायद्याचे अडथळे त्या काळीही होतेच. साउथ कॅरोलायना प्रांताने १७४० साली गुलामास लिहिणे शिकविणाऱ्यास १०० पौंड दंड ठरविला. येथे लिहिण्यास बंदी होती, वाचण्यास नव्हती. कारण लिहिता येणारा गुलाम प्रवासाचा परवाना स्वतःच लिहून पळून जाईल, ही भीती.

दुसरा कालखंड काळोखाचा. यंत्रे आली, कापसाला भाव आला, आणि गुलाम हे केवळ नफ्याचे साधन झाले. शिकलेले गुलाम स्वातंत्र्याची पत्रके वाचू लागले. तेव्हा १८२९ साली जॉर्जिया, १८३० साली नॉर्थ कॅरोलायना, १८३१ साली व्हर्जिनिया व १८३२ साली अलाबामा या प्रांतांनी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाविरुद्ध कायदे केले. १८३१ च्या ऑगस्टमध्ये नॅट टर्नर नावाच्या गुलामाने व्हर्जिनियात बंड केले. तो शास्त्र वाचणारा व उपदेश करणारा होता. त्यानंतर तर वाचणाऱ्या गुलामाची धनी लोकांस धास्तीच बसली.

मग धर्मशिक्षण बंद झाले काय? नाही, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. धर्मशिक्षण चालूच राहिले, पण त्यातून अक्षर काढून टाकण्यात आले. चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाच्या पाळकाने गुलामांसाठी प्रश्नोत्तरावली रचली. ती गुलामाच्या हाती द्यावयाची नव्हती. शिकविणाऱ्याने म्हणावी व गुलामाने ऐकून पाठ करावी, अशी योजना होती. आज्ञापालनाचे पाठ भरपूर होते. पण शास्त्रात आणखी काय लिहिले आहे, मिसर देशाच्या दास्यातून देवाने आपल्या लोकांस कसे सोडविले, हे स्वतः उघडून पाहण्याची सोय नव्हती. पहिल्या प्रकारास वुडसन यांनी अक्षरासह धर्म असे नाव दिले, व दुसऱ्यास अक्षरावाचून धर्म. ग्रंथातील दोन प्रकरणांची नावेच तशी आहेत.

तरीही लोक शिकले. फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. बाल्टिमोर शहरी धनीणबाई त्यांना मुळाक्षरे शिकवू लागली. नवऱ्याने तिला मना केले. मग हा मुलगा खिशात भाकरी घेऊन रस्त्यावर जाई, व गरीब गोऱ्या मुलांस ती देऊन त्यांच्याकडून एकेक शब्द शिकून घेई. असे कित्येक होते. इतके कायदे असूनही १८६० साली प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी सुमारे दहांत एकास थोडेबहुत लिहिता-वाचता येत असावे, असा वुडसन यांचा अंदाज आहे. १८२५ च्या सुमारास हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक होते, असेही ते सांगतात. म्हणजे पुढे गेलेले एक पिढीभर मागे ढकलले गेले. विद्या एकदा मिळाली की ती टिकतेच असे नाही, हे या आकड्यांवरून कळते.

मंडळ, त्रैमासिक व सप्ताह

ग्रंथ लिहून वुडसन थांबले नाहीत. ९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागो येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए. च्या, इमारतीत चार-पाच माणसे जमली व नीग्रो लोकांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारे मंडळ त्यांनी स्थापले. १९१६ च्या जानेवारीत मंडळाचे त्रैमासिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकासाठी वुडसन यांनी आपल्या आयुष्याच्या विम्यावर ४०० डॉलर कर्ज काढले. १९२१ साली त्यांचा नीग्रो मंडळीचा इतिहास प्रसिद्ध झाला. इतर प्रकाशक अशी पुस्तके घेत नसत, म्हणून त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली.

१९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी नीग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. अब्राहाम लिंकन यांचा जन्मदिवस १२ व डग्लस यांचा १४ फेब्रुवारीस पाळीत, म्हणून तो आठवडा निवडला. विद्वानांपेक्षा गावच्या शाळा व मंडळ्या यांच्यावर त्यांची भिस्त होती. चित्रे, पत्रके व धडे तयार करून ते शाळांकडे धाडीत. १९३७ साली शाळामास्तरांसाठी सोप्या भाषेतील एक मासिकही काढले. तो सप्ताह १९७६ पासून पूर्ण महिना झाला असून आजही पाळला जातो.

काही वर्षे मोठ्या धर्मादाय निधींनी मंडळास पैसा दिला. पुढे मंडळ एखाद्या विद्यापीठास जोडावे असा आग्रह झाला. वुडसन यांनी तो मानला नाही, व मदत आटली. तेव्हा शिक्षक, पाळक, कामकरी व शाळेतील मुले यांच्या लहानसहान वर्गण्यांवर त्यांनी ते काम चालविले.

परखड मते

१९३३ साली त्यांनी आपल्या लोकांच्या चुकीच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी शिकलेल्यांनाच दोष दिला. शाळेत दुसऱ्यांची थोरवी व आपली हीनता शिकून जो बाहेर पडतो, तो आपल्या लोकांच्या उपयोगी पडत नाही, उलट त्यांना लाजतो, असा त्याचा आशय आहे. धर्मशास्त्राच्या विद्यालयातून आलेले काही पाळकही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. पुस्तकी वादांत तरबेज, पण शेतकऱ्याच्या कर्जाविषयी व रोगराईविषयी अजाण असे पाळक मंडळीस काय देणार, असा त्यांचा प्रश्न होता. एकाच लहान वस्तीत निरनिराळ्या पंथांची देवळे उभी करून गरीब लोकांची शक्ती वाटून टाकण्यावरही त्यांनी टीका केली. हे वाचताना सेमिनरीत शिकलेल्या आम्हा पाळकांस बोच लागते, व ती लागावी हेच बरे.

स्वभावाने ते कडक होते. सहकाऱ्यांशी त्यांचे फार काळ जुळत नसे. हॉवर्ड विद्यापीठात ते १९१९ साली अधिकारी झाले, पण अध्यक्षांशी मतभेद होऊन वर्षभरात बाहेर पडले. त्यांनी लग्न केले नाही. वॉशिंग्टन शहरातील नवव्या रस्त्यावरील एक घर १९२२ साली घेतले. तेच राहण्याचे ठिकाण, तेच कार्यालय, तेच पुस्तकांचे कोठार. पुस्तकांचे गठ्ठे बांधणे, झाडलोट करणे, हेही ते स्वतः करीत. त्याच घरी ३ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. ते घर आज त्यांच्या देशाने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राखले आहे. त्यांनी घरोघरून जमविलेले हजारो कागद वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयात सुरक्षित आहेत.

उपदेशक बंधूंनो व वाचक बंधुभगिनींनो, या चरित्रातून दोन कामे आपल्या वाट्यास येतात. पहिले हे की, आपल्या वस्तीत अक्षरावाचून धर्म चालू आहे काय, ते प्रत्येकाने पाहावे. दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना तोंडपाठ म्हणणारी, पण शुभवर्तमानाचे पान उघडले तर ते उलटे की सुलटे हेही न कळणारी एखादी वृद्ध बाई मंडळीत असेल, तर तिच्याजवळ बसून मुळाक्षरांपासून आरंभ करावा. वय झाले ही सबब नव्हे. वुडसन विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले, आणि कित्येक गुलाम केस पांढरे झाल्यावर वाचावयास शिकले.

दुसरे काम याहून सोपे आहे, पण त्याला वेळ थोडा उरला आहे. आपल्या गावात प्रथम वाचावयास कोण शिकले, कोणाजवळ शिकले, कोणाच्या ओट्यावर व कोणत्या दिव्याखाली शिकले, कोणी अडविले व कोणी आसरा दिला, हे सांगणारी माणसे अजून कोठे कोठे जिवंत आहेत. मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी वही, शाळेचे हजेरीपत्रक, एखादे पिवळे पडलेले पत्र, हे वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी कोरड्या पेटीत ठेवावे. आणि एक साधी वही घेऊन वडीलधाऱ्यांजवळ बसावे. ते सांगतील ते, नाव, गाव व साल यांसह, लिहून घ्यावे. ऑलिव्हर जोन्सच्या दुकानात बसणारे म्हातारे शिपाई बोलत होते, तेव्हा ऐकणारा एक मुलगा तेथे होता.